एअर रायफलचा वेग कॅटलॉगपेक्षा कमी येतोय? ॲलन की उचलण्याआधी हे तपासा

कॅटलॉगात १७५ मीटर प्रति सेकंद छापलेलं असतं आणि क्रोनोवर, म्हणजे छर्ऱ्याचा वेग दाखवणाऱ्या यंत्रावर, १६३ दिसतं. मग रायफल खराब, हवा खराब, छर्रे डुप्लिकेट असं सगळं ठरवून होतं आणि कोणीतरी ॲलन की घेऊन स्ट्रायकरचा, म्हणजे हवेच्या वाल्व्हवर आदळणाऱ्या भागाचा, स्क्रू आवळायला बसतो. तिथून पुढं रायफलीत एक नाही, दोन बिघाड शोधावे लागतात.

पुढचं सगळं १० मीटरच्या, ४.५ मिमी नळीच्या, हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या मॅच रायफलीबद्दल आहे. शाळेच्या ओपन साईट स्पर्धेला मुलं वापरतात त्या स्प्रिंगच्या रायफलींचं शेवटी वेगळं दिलंय. दारूच्या काडतुसांचा इथं संबंध नाही. घरी काडतूस भरणं हा आपल्याकडं छंदाचा नाही, शस्त्र कायद्याखालच्या परवान्याचा विषय आहे.

लक्षणं

एक आकडा बघून काहीही कळत नाही. दहा छर्रे मारा, सामन्याच्या तालात, म्हणजे साधारण ४०-५० सेकंदाला एक. दहाही आकडे आले त्याच क्रमानं वहीत लिहा. सरासरी नंतर काढा, आधी आकडे कुठल्या दिशेनं चाललेत ते बघा.

• सगळे कमी, पण एकमेकांना धरून: १६५, १६६, १६५, १६५. रायफल बहुधा ठणठणीत आहे. छर्रा, क्रोनो किंवा कारखान्यातलं सेटिंग बघायचं.
• पायऱ्या उतरल्यासारखे: १६९, १६८, १६६, १६३. सिलिंडर संपत आलाय, नाहीतर रेग्युलेटर (सिलिंडरचा दाब खाली आणून एकसारखा ठेवणारा भाग) पुढच्या शॉटच्या आत भरून होत नाही.
• थोडा वेळ थांबल्यावर पहिला शॉट जोरात, मग खाली येऊन स्थिर: रेग्युलेटर आतल्या आत गळतोय.
• उड्या: १७०, १६१, १६८, १५९. ब्रीचची (नळीच्या मागच्या, छर्रा भरायच्या टोकाची) ओ-रिंग म्हणजे रबरी कडी, वाकडे छर्रे किंवा क्रोनोवरचा उजेड.
• काल बरोबर, आज एकदम दहा-पंधरानं कमी: काल ते आज काय बदललं ते आधी आठवा. बऱ्याचदा छर्ऱ्यांचा डबा बदललेला असतो.
• सिलिंडरचा दाब संध्याकाळी १८० बार, सकाळी १४०: ही गळती आहे. वेगाचं नंतर बघू.

पहिल्या लक्षणावर लोक सर्वात जास्त पैसे घालवतात आणि खरं तर तिथं काही करायचंच नसतं. का, ते हिशेबानं बघू. १० मीटर जाताना छर्रा गुरुत्वाकर्षणानं साधारण १९-२० मिमी खाली येतो. वेग १ मीटर प्रति सेकंदानं कमी झाला तर हा उतार जवळपास पाव मिलिमीटरनं वाढतो. एअर रायफलच्या टार्गेटवर दशांश गुणाची प्रत्येक पायरी, म्हणजे १०.५ ते १०.४, हीसुद्धा पाव मिलिमीटरचीच. रायफल कायम १६५ नंच मारत असेल तर साईटला थोडे क्लिक दिले की विषय संपला. तीच रायफल दहा शॉटमध्ये १६२ ते १७० अशी हिंडत असेल तर उभ्या रेषेत दोन मिलिमीटरचा खेळ होतो, आणि तो कुठल्याही क्लिकनं जात नाही. म्हणून "वेग कमी आहे का" याआधी "वेग एकसारखा आहे का" हे विचारा. चांगल्या अवस्थेतल्या मॅच रायफलीत दहा शॉटमधला सर्वात जास्त आणि सर्वात कमी यांतला फरक ३ च्या आत बसायला हवा.

आता तपासण्या, फुकटातल्या आधी. प्रत्येक वेळी छर्रा पकडणारा ट्रॅप समोर हवा, नळी त्याच दिशेला हवी, आणि हात लावण्याआधी रायफल रिकामी असल्याची खात्री हवी. हवा येते का बघायला नळीच्या तोंडावर बोट धरणारे महाभाग असतात, त्यांना रेंजबाहेर बसवा.

१. कॅटलॉगातला आकडा कुठल्या छर्ऱ्याचा आहे?

खर्च शून्य, पाच मिनिटं, आणि निम्मी भांडणं इथंच मिटतात. जर्मन मॅच रायफलीवर पंचकोनात 'एफ' अक्षराची खूण असते. तिचा अर्थ, नळीतून बाहेर पडताना छर्ऱ्याची ऊर्जा ७.५ ज्यूलच्या आत. ऊर्जा म्हणजे वजनाचा अर्धा गुणिले वेगाचा वर्ग. ७.५ ज्यूलमध्ये ०.५३ ग्रॅमचा छर्रा जास्तीत जास्त १६८ नं जातो, ०.५० ग्रॅमचा १७३ नं, आणि ०.४५ ग्रॅमचा, जो मुख्यतः पिस्तुलासाठी असतो, तो १८३ नं. ०.५३ चा छर्रा १७५ नं जायला ८.१ ज्यूल लागतात. म्हणजे 'एफ' खूण असलेल्या रायफलीच्या कॅटलॉगात १७५ असेल तर तो आकडा हलक्या छर्ऱ्याचा आहे. तुम्ही ०.५३ मारून १६५ बघताय, तर तुमची रायफल जवळपास जिथं असायला हवी तिथंच आहे. कारखाना मर्यादेच्या थोडं खालीच सेट करतो, कारण वर गेलेली रायफल त्याला तिथं विकता येत नाही.

एककंही बघा. क्रोनो फूट प्रति सेकंदावर असेल तर १६८ मीटरचे ५५१ दिसतात. डब्यावर ग्रेन लिहिलं असेल तर ८.२ ग्रेन म्हणजे ०.५३ ग्रॅम. अमेरिकी पद्धतीचा आकडा आणि युरोपियन आकडा शेजारी ठेवून वाद घालणारे दोन्ही बाजूंनी बरोबर असतात.

"कोल्हापूर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, हवा विरळ, म्हणून वेग कमी" हेही ऐकू येतं. रेग्युलेटरवाल्या रायफलीत या कारणाचा फरक शोधूनही सापडणार नाही. सोडून द्या.

२. क्रोनो खरं बोलतोय का?

क्रोनो वेग मोजत नाही. तो दोन सेन्सरमधला वेळ मोजतो आणि अंतराला भागतो. त्यामुळं अंतर किंवा वेळ बिघडवणारी प्रत्येक गोष्ट आकडा बिघडवते.

छर्रा सेन्सरवरून तिरका गेला तर त्याला जास्त अंतर कापावं लागतं, वेळ जास्त लागतो, आकडा कमी येतो. १० अंशाच्या तिरकेपणानं १७० चे १६७ होतात. रायफल स्टँडवर टेकवा, क्रोनो नळीच्या रेषेत आणि समपातळीत ठेवा. घडीचा क्रोनो पूर्ण उघडला नसेल तर उलटं होतं: सेन्सरमधलं खरं अंतर कमी पडतं आणि आकडा खोटा वाढतो. असा वाढलेला आकडा महिनाभर खरा मानलेला असतो आणि मग एक दिवस क्रोनो नीट उघडला की "वेग पडला".

नळीच्या तोंडापासून अंतर कायम तेच ठेवा. अर्धा मीटर बरा. त्याहून फार जवळ ठेवला तर नळीतून निघालेला हवेचा झोत सेन्सरला फसवू शकतो. लांब ठेवला तर छर्रा तोवर मंदावलेला असतो, कारण चपट्या डोक्याचा मॅच छर्रा दर मीटरमागे साधारण २ मीटर प्रति सेकंद गमावतो. तीन मीटरवर क्रोनो ठेवून नळीपाशी मोजलेल्या कॅटलॉगाशी तुलना केली की पाच-सहा गायब.

उजेडाचं सांगायचं तर ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला दिसत नाही, सेन्सरला दिसतं. इन्फ्रारेड पट्ट्या असलेला क्रोनो वापरा, नाहीतर दिवसा खिडकीजवळ पण थेट ऊन न पडणाऱ्या जागी मोजा. बॅटरी नवी घाला. सर्वात पक्की खात्री म्हणजे दुसरी, नीट चालणारी रायफल त्याच क्रोनोवर, त्याच छर्ऱ्यानं, त्याच जागी मारून बघणं. तीही कमी दाखवत असेल तर तुमची रायफल सुटली.

३. छर्रे

दहा छर्रे एकत्र वजन करा. ०.५३ चे असतील तर ५.३० ग्रॅम भरायला हवेत. एकेक छर्रा तोलायला ०.००१ ग्रॅम दाखवणारा काटा लागतो, पण दहाच्या घाऊक वजनाला कोल्हापूरच्या गुजरीतल्या सोनाराचा ०.०१ चा काटाही पुरतो. वजन डब्यावरच्या आकड्याला धरून नसेल तर उरलेल्या तपासण्या नव्या डब्यानंच करा.

नंतर डोक्याचा व्यास. एकाच नावाचे छर्रे ४.४९, ४.५०, ४.५१ मिमी अशा मापांत मिळतात. नळीला ढिला बसणारा छर्रा मागून हवा सोडतो, फार घट्ट असणारा सुरुवातीला अडतो. दोन्हींत वेग जातो, पण ढिल्यात तो उड्या मारत जातो. तीन मापांचा एकेक डबा घेऊन प्रत्येकी दहा मारा आणि ज्याचा फरक सर्वात कमी तो ठेवा, जास्त वेगाचा नव्हे. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचं २०२४ चं पॅरिसमधलं ब्राँझ ५० मीटरच्या .२२ रायफलीवरचं. त्या गटातले नेमबाजही काडतुसांचे लॉट तपासून निवडतात, रायफल उघडत बसत नाहीत.

छर्ऱ्याचा मागचा घेर, म्हणजे स्कर्ट, जमिनीवर पडून चेपला असेल तर तो छर्रा बाजूला टाका. पावसाळ्यात उघड्या डब्यातल्या जुन्या छर्ऱ्यांवर पांढरी भुकटी धरते. ते शिसं गंजलेलं असतं. असे छर्रे नळीत घालू नका, आणि हाताळले तर हात धुतल्याशिवाय चहाला जाऊ नका.

४. सिलिंडरमधला दाब

मॅच रायफलीचा सिलिंडर २०० बारचा असतो, काही ३०० बारचे. त्या दाबाला थेट छर्ऱ्यावर सोडत नाहीत. मधला रेग्युलेटर तो बराच खाली आणून एकसारखा ठेवतो. सिलिंडरचा दाब रेग्युलेटरच्या दाबाच्याच जवळ आला की रेग्युलेटरकडं द्यायला काही उरत नाही आणि वेग पायऱ्या उतरू लागतो. बऱ्याच रायफलींत हे साधारण ७०-८० बारच्या आसपास घडतं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये आहे. त्याच्या वर वीस-तीस बार असतानाच भरून घ्या.

सिलिंडरवरचा छोटा काटा हा अंदाज आहे, मोजमाप नव्हे. पाच-दहा बारची चूक सहज असते. भरताना मोठ्या सिलिंडरच्या गेजशी एकदा ताडून बघा आणि फरक चिकटपट्टीवर लिहून सिलिंडरला लावा.

घाईत भरलेली हवा तापते. गरम असताना २०० दाखवलेला काटा थंड झाल्यावर १८५-१९० वर येतो, आणि "गळतोय" म्हणून धावपळ सुरू होते. २०० पर्यंत जायला तीन-चार मिनिटं द्या, दहा मिनिटांनी पुन्हा बघा. याच्या उलट, मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेला सिलिंडर २०० चा २२० होतो. भरलेला सिलिंडर गाडीत सोडून जाऊ नका. आणि रेंजचा मोठा सिलिंडरच १५० बारवर आला असेल तर त्यातून तुमचा १५० च्या वर जाणार नाही, कितीही वेळ भरायची नळी लावून ठेवली तरी.

सिलिंडरवर कोरलेला महिना-वर्ष बघून घ्या. युरोपियन कंपन्या साधारणपणे उत्पादनापासून १० वर्षांची मुदत देतात. मुदत संपलेला सिलिंडर भरायचा नाही, आणि स्पर्धेत मुदतीची जबाबदारी नेमबाजाचीच असते.

५. पाणी

या मुद्द्यावर थोडं थांबतो, कारण आपल्याकडं जून ते सप्टेंबर बरेच "रेग्युलेटर गेला" हे खरं म्हणजे "पाणी गेलं" असतं.

०.२ लिटरच्या सिलिंडरात २०० बार भरायचे तर बाहेरची ४० लिटर हवा दाबून आत घालावी लागते. जुलैतल्या इथल्या दमट हवेत दर घनमीटरमागे वीसेक ग्रॅम पाणी असतं. म्हणजे ४० लिटरमध्ये पाऊण ग्रॅमच्या आसपास. दाबलेली हवा ते पाणी धरून ठेवू शकत नाही, ते थेंब होऊन खाली बसतं. फिल्टर नसलेल्या हातपंपानं किंवा छोट्या कॉम्प्रेसरनं पावसाळाभर भरत राहिलात तर त्यातला बराचसा भाग पंपात राहिला तरी उरलेला रायफलीत जातोच. रेग्युलेटरच्या तोंडाशी पितळी भुकटीची छोटी जाळी असते. तिथं पाणी आणि गंज साचतो, जाळी हिरवट पडते, हवा मंद येते. लक्षण ठरलेलं आहे: सावकाश मारलं तर वेग बरोबर, पटापट मारलं तर प्रत्येक शॉट आधीच्यापेक्षा खाली.

उपाय साधा आहे. कॉम्प्रेसर आणि सिलिंडर यांच्यामध्ये सिलिका जेलचा फिल्टर लावा. निळे दाणे गुलाबी झाले किंवा नारिंगी हिरवे झाले की ते ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर सुकवा, जेवणाच्या ओव्हनमध्ये मात्र नको. कॉम्प्रेसरचं पाणी दर काही मिनिटांनी सोडत राहा. शक्य असेल तर पावसाळ्यात कोरडी हवा भरणाऱ्या मोठ्या सिलिंडरवरूनच भरा.

दोन गोष्टी कधीही करायच्या नाहीत. वर्कशॉपमधला वेल्डिंगचा किंवा दवाखान्यातला ऑक्सिजन या सिलिंडरात भरायचा नाही. दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनला ग्रीसचा कणही पेटवायला पुरतो, आणि सिलिंडर गालाजवळ असतो. दुसरं, हवेच्या मार्गात कुठंही शिलाईमशीनचं तेल, गंजाचा स्प्रे किंवा गाडीचं ग्रीस लावायचं नाही. दाबलेल्या हवेत ते डिझेलसारखं पेट घेऊ शकतं. ओ-रिंगला फक्त शुद्ध सिलिकॉन ग्रीस, तेही बोटावर चमक दिसेल इतकंच.

६. गळती नेमकी कुठं?

सिलिंडर रायफलीतून काढा. बहुतेक मॅच रायफलींत त्याला स्वतःचा झडप-वाल्व्ह असतो, त्यामुळं तो भरलेला राहतो. काढताना थोडा फुस्स आवाज येतो, तो जोडातल्या हवेचा असतो. काटा लिहून रात्रभर ठेवा. सकाळी काढलेल्या सिलिंडरचाच काटा खाली असेल तर गळती सिलिंडरमध्ये, नसेल तर रायफलीत. कुठंही पाना न लावता इतकं कळतं.

सिलिंडरच गळत असेल तर भांड्याच्या साबणाचं पाणी वाल्व्हच्या तोंडाशी आणि काट्याच्या बुडाशी लावा. बुडबुडा येईल. नंतर स्वच्छ पुसा. काट्याच्या किंवा वाल्व्हच्या आट्याशी बुडबुडा आला तर तिथंच थांबा: दाब असताना तो आटा फिरवायचा नाही, आणि दाब सोडल्यावरही तो घरचा विषय नाही. रायफलीच्या बाजूला असेल तर आधी सिलिंडर जिथं बसतो तिथली ओ-रिंग बघा. नखानं फिरवून बघा, कापलेली, चपटी किंवा चकाकी गेलेली असेल तर बदला.

७. ब्रीचची ओ-रिंग

आकडे उड्या मारत असतील तर या कवडीमोल रबरावर पहिला संशय. नळीच्या मागच्या टोकाला, नाहीतर लोडिंग बोल्टवर बसणारी ही रिंग छर्ऱ्यामागची हवा अडवते. चिरली की हवा मागून निघते, आणि दर शॉटला वेगवेगळी निघते.

तपासायला टिश्यूपेपरची बारीक पट्टी ब्रीचच्या जोडावर सैल ठेवा, छर्रा भरा, ट्रॅपमध्ये शॉट मारा. पट्टी फडफडली तर रिंग गेली. चेहरा त्या वेळी बाजूला ठेवा. बदलताना लाकडी टूथपिक वापरा, सुई किंवा स्क्रूड्रायव्हर नको, कारण रिंगच्या खाचेला ओरखडा पडला की नवी रिंगही गळते.

आता कोल्हापूरच्या उद्यमनगरचं. हायड्रॉलिकच्या दुकानात कुठल्याही मापाची ओ-रिंग दोन मिनिटांत हातात पडते, हे खरं. पण माप आतला व्यास आणि जाडी या दोन्हींत जुळलं पाहिजे, मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत. जुनी रिंग मापून घेऊ नका, ती दबून बदललेली असते. कंपनीच्या पार्ट चार्टवरचं माप घ्या. कडकपणाही विचारा, तो शोअरमध्ये सांगतात: ब्रीचला ७० शोअरचं नायट्राइल सहसा चालतं, पण सिलिंडरच्या दाबाच्या बाजूला मऊ रबर हवा शोषतं आणि दाब गेला की आतून फुगून फाटतं. तिथं ९० शोअर किंवा कंपनी सांगेल तेच. आणि रिंग मिळाली म्हणून सिलिंडरचा ॲडॉप्टर, वाल्व्हचा स्क्रू, रेग्युलेटरचा पिस्टन असले भाग लेथवर करून घेऊ नका. शिरोली-गोकुळ शिरगावात इंजिनाचे भाग अचूक होतात म्हणून २०० बार झेलणारा, कुठलाही चाचणी दाखला नसलेला तुकडा डोळ्यापासून वीतभर अंतरावर ठेवणं शहाणपणाचं ठरत नाही.

८. नळी

एअर रायफलच्या नळीला फार सफाई लागत नाही. मॅन्युअलच्या अंतरानं फेल्टचे गोळे ब्रीचकडून घाला, कोरडे निघेपर्यंत. नळीत तेल राहिलं तर पुढचे काही शॉट वेडेवाकडे येतात, म्हणून सफाईनंतर वीसेक छर्रे मारल्याशिवाय मोजू नका. पितळी ब्रश घालू नका. आणि नळीपुढची लांब नळकांडी साईटचं अंतर वाढवायला असते, खरी नळी साधारण ४२ सेंमीचीच. ती नळकांडी लावून-काढून वेग शोधायचा नाही.

९. रेग्युलेटरची परीक्षा, उघडल्याशिवाय

सिलिंडर १५० बारच्या वर असू द्या. पाच शॉट ४० सेकंदांच्या अंतरानं मारा. दहा मिनिटं थांबा, पाच पुन्हा तसेच. मग पाच पटापट, दहा-दहा सेकंदांनी.

थांबल्यानंतरचा पहिला शॉट बाकीच्यांपेक्षा ४-५ नं वर असेल तर रेग्युलेटरची सीट नीट बंद होत नाही, थांबलेल्या वेळात दाब चढत राहतो. पटापट मारताना खाली जात असेल तर जाळी तुंबलीय किंवा पिस्टन अडकतोय. तिन्ही गटांत आकडे सारखेच, फक्त कमी असतील, तर रेग्युलेटर निर्दोष आहे.

१०. स्ट्रायकरचा स्क्रू, आणि तो का सोडायचा

सर्वांचा हात आधी इथं जातो म्हणून मुद्दाम शेवटी ठेवलाय. स्ट्रायकर वाल्व्हवर आदळतो, वाल्व्ह क्षणभर उघडतो, मोजकी हवा निघते. स्प्रिंग आवळली तर थोडा वेळ वेग वाढतो, मग एका जागी थांबतो. त्यापुढं आवळलं की फक्त हवा वाया जाते, आवाज वाढतो, धक्का वाढतो आणि एका भरणीतले शॉट घटतात. रेग्युलेटरचा दाब वाढवला तर उलटा फटका बसू शकतो: वाल्व्हवर इतका दाब येतो की तोच स्ट्रायकर त्याला पुरेसा उघडू शकत नाही, आणि दाब जास्त असून वेग कमी. गळक्या ब्रीचची भरपाई या स्क्रूनं केली असेल तर नवी रिंग घातल्या दिवशी रायफल मर्यादेच्या वर जाते.

फिरवायचाच असेल तर आधी मूळ जागेची खूण करा, एका वेळी आठवा भाग फिरवा, दर वेळी दहा शॉट लिहा. कारखान्यात सील केलेला स्क्रू असेल तर सील तोडू नका, वॉरंटी तिथंच संपते.

स्प्रिंगच्या रायफली

खोक्यावर "१००० फूट प्रति सेकंद" लिहिलेलं असतं, ते बहुधा ०.३३ ग्रॅमच्या हलक्या मिश्रधातूच्या छर्ऱ्यावर. तेवढीच ऊर्जा ०.५३ च्या शिशाच्या छर्ऱ्याला दिली तर जेमतेम ७९० फूट होतात. इथंही पहिली तपासणी वजनाचीच.

मग ब्रीचची रिंग, वरच्याच टिश्यूच्या पट्टीनं. नंतर नळी मोडून ओढताना हाताला लागणारा जोर: पूर्वीपेक्षा सहज ओढली जात असेल किंवा आत खरखर होत असेल तर स्प्रिंग थकलीय किंवा तुटलीय. ओढून तासन् तास ठेवलेल्या रायफलीत हे लवकर होतं. शॉटनंतर धूर आणि जळका वास येत असेल तर कोणीतरी आत तेल घातलंय. तेल पेटून वेग आधी वाढतो, सील जळलं की कायमचा पडतो. छर्रा न भरता "टप्प" करून दाखवण्यानं पिस्टनचं सील आणि स्प्रिंग दोन्ही मार खातात, मुलांना पहिल्या दिवशीच सांगा.

जाड स्प्रिंग करून घालण्याच्या भानगडीत पडू नका. शस्त्र नियम २०१६ नुसार २० ज्यूलच्या वर ऊर्जा किंवा ४.५ मिमीपेक्षा मोठी नळी झाली की ती परवान्याची वस्तू होते.

इथं थांबा, आर्मररला (रायफल दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाला) फोन करा

सिलिंडरच्या अंगावर खोक, गंज, किंवा मुदत संपलेली. काट्याशी किंवा वाल्व्हच्या आट्याशी बुडबुडा. रेग्युलेटरच्या परीक्षेत वरच्या दोनपैकी कुठलंही लक्षण. ट्रिगर न ओढता शॉट सुटणं. स्प्रिंगच्या रायफलीची मागची टोपी उघडावी लागणं. शेवटचं खास सांगतो: आतली स्प्रिंग दाबून बसवलेली असते. कॉम्प्रेसर क्लॅम्पशिवाय पिन काढली तर टोपी छातीवर नाहीतर चेहऱ्यावर येते. रेग्युलेटर उघडून आतल्या वाटीसारख्या वॉशरचा क्रम चुकवला, तर पुन्हा दाब लावून बसवायला टेस्ट गेज लागतो, जो घरी नसतो.

रायफल पाठवताना सिलिंडर काढून, रिकामा करून द्या. सोबत कागदावर लिहा: छर्ऱ्याचं नाव, वजन आणि डोक्याचं माप; क्रोनो नळीपासून किती अंतरावर होता; सिलिंडरचा दाब; तिन्ही परीक्षांचे पंधरा आकडे आले त्या क्रमानं; आणि कुठला स्क्रू कुठल्या बाजूला किती फिरवलाय, तेही लाज न बाळगता.